विश्लेषण : शहरात काम गेलेल्या कामगाराच्या हाती नेमके काय उरते?

कपातीची भरपाई, बेकारी भत्ता, भविष्य निर्वाह निधी हे कागदावरचे आधार किती दिवस पुरतात? कंत्राटी कामगाराला त्यातले काय मिळते? आणि त्यानंतर नाका, सुरक्षारक्षकाची नोकरी की डिलिव्हरीची दुचाकी?

कारखान्याचे काम सुटले की पगार त्या महिन्यापासून थांबतो. खोलीचे भाडे, मुलांची फी, विजेचे बिल, गावाकडे पाठवायचे पैसे मात्र थांबत नाहीत. गावी परत जावे तर तिथे काम नाही म्हणूनच शहर गाठलेले असते. त्यामुळे मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी गमावलेला बहुतेक कामगार आधी शहरातच पाय रोवून पाहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्याने अशा कामगाराच्या हक्कांची चौकट बदलली आहे. काही गोष्टी नव्याने मिळाल्या, काही संरक्षणे कमी झाली. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात कामगाराला प्रत्यक्षात काय मिळू शकते आणि कुठे तो एकटा पडतो, याचा हा आढावा.

कपात झाली तर कायद्याने काय मिळते?

किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. याशिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. शेवटी लागलेल्याला आधी कमी करावे आणि पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य द्यावे, ही तत्त्वेही टिकून आहेत.

नवी भर आहे ती पुनर्कौशल्य निधीची. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी ही तरतूद आहे. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर थकीत वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करणे बंधनकारक आहे.

दुसरीकडे, कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना होते. आता ती मर्यादा ३०० कामगारांवर गेली आहे. म्हणजे दीडशे-दोनशे कामगारांचा कारखाना बंद होताना सरकारदरबारी आधी सुनावणी होण्याचा टप्पाच उरलेला नाही.

प्रत्यक्ष आकड्यांत ही रक्कम किती होते?

समजा, एखाद्या कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १८ हजार रुपये आहेत आणि त्याची सेवा सात वर्षे झाली आहे. नोटिशीऐवजी त्याला १८ हजार रुपये मिळतील. वर्षाला अर्ध्या महिन्याचे वेतन धरले तर कपातीची भरपाई ६३ हजार रुपये होते. ग्रॅच्युइटीसाठी मासिक वेतनाला २६ने भागून १५ने गुणतात आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणतात. ती साधारण ७२ हजार ६९२ रुपये येते. पुनर्कौशल्य निधीचे ९ हजार मिळवले तर एकूण रक्कम १ लाख ६२ हजार ६९२ रुपये होते. हे नऊ महिन्यांच्या वेतनाइतके झाले.

सात वर्षे नोकरी करून नऊ महिन्यांची उसंत, असा हा हिशेब आहे. तोही सगळे नियमाप्रमाणे आणि वेळेवर मिळाले तर. अनेकदा कामगाराला कपातीचे पत्र दिलेच जात नाही. ‘राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो’ असे सांगितले जाते. घरभाडे थकलेला कामगार सही करतो. पण स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही कायद्याच्या भाषेत कपात नव्हे. त्यामुळे वरच्या हिशेबातील ६३ हजारांची भरपाई, नोटिशीचे १८ हजार आणि पुनर्कौशल्य निधीचे ९ हजार असे ९० हजार रुपये एका सहीने जातात. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते.

कंत्राटी कामगाराचे काय?

वरचा सगळा हिशेब कायम कामगाराचा आहे. औद्योगिक पट्ट्यांत आज मोठ्या प्रमाणावर काम करतो तो कंत्राटी किंवा ठरावीक मुदतीचा कामगार. कराराची मुदत संपल्यामुळे काम थांबले, तर ती कपात मानली जात नाही. साहजिकच भरपाईही नाही. अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नव्या कंत्राटदाराच्या नावावर घ्यायचे, ही पद्धत कामगारांना चांगलीच ठाऊक आहे. एकाच यंत्रावर सहा वर्षे काम करूनही कागदावर सहा वेगवेगळ्या नोकऱ्या दिसतात.

सामाजिक सुरक्षा संहितेने यात एक सुधारणा केली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता पाच वर्षांची वाट न पाहता एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळू शकते. मात्र, ‘ब्रेक’ अकराव्या महिन्यातच मिळत असेल, तर ही तरतूद हाती लागत नाही.

बेकारी भत्ता मिळतो का?

मिळतो, पण त्याची माहिती फार कमी कामगारांना असते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची म्हणजे ईएसआयसीची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी दैनंदिन वेतनाच्या २५ टक्के भत्ता मिळत असे. करोनाकाळात, २०२०मध्ये तो ५० टक्के करण्यात आला. नोकरी गेल्यानंतर ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आणली गेली आणि मालकाच्या सहीशिवाय थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली.

हा भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि आयुष्यात एकदाच मिळतो. कामगार किमान दोन वर्षे विमाधारक असावा लागतो. नोकरी जाण्याआधीच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. उरलेल्या दोन वर्षांतील आणखी एका वर्गणी कालावधीतही तेवढीच वर्गणी लागते. गैरवर्तन, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्तीमुळे काम सुटले असेल, तर भत्ता मिळत नाही. वरच्या उदाहरणातील कामगाराला दिवसाला ३०० रुपयांप्रमाणे ९० दिवसांचे २७ हजार रुपये मिळतील. योजना कायमस्वरूपी नाही. ती ठरावीक काळासाठी लागू असते आणि वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते. त्यामुळे अर्जाआधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात चौकशी करणे गरजेचे असते.

ईएसआयचे छत्र महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच आहे. कारखाना कायमचा बंद झाला किंवा कपात झाली, तर ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजने’खाली अधिक काळ भत्ता मिळू शकतो. २००५मध्ये आलेल्या या योजनेत पुढे भत्त्याची कमाल मुदत २४ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. येथेही कपातीचा किंवा बंदचा कागद लागतो. राजीनामापत्रावर सही केलेला कामगार इथेही अडतो.

दवाखान्याचे काय, हा प्रश्न घरात कुणी आजारी असेल तर भत्त्यापेक्षा मोठा ठरतो. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबरमधील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून आणि ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीवर पुढील जुलै ते डिसेंबर या काळात लाभ मिळतो. म्हणजे पुरेशी वर्गणी भरलेली असेल, तर नोकरी गेली त्या दिवशीच ईएसआयचे कार्ड निरुपयोगी होत नाही. ते झाले असे समजून अनेक कुटुंबे खासगी दवाखान्यात पैसे मोजतात.

पीएफ काढावा की ठेवावा?

काम गेल्यावर सर्वांत आधी नजर जाते ती भविष्य निर्वाह निधीकडे. आतापर्यंत एक महिना बेरोजगार राहिल्यास ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेली रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने यात बदल करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी, मात्र खाते पूर्ण रिकामे करण्यासाठी १२ महिने आणि पेन्शनची रक्कम काढण्यासाठी ३६ महिने थांबावे, असे ठरले. वारंवार पैसे काढल्याने निवृत्तीच्या वेळी हाती काहीच उरत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. बेरोजगाराला गरज आज आहे, हा त्यावरचा कामगार संघटनांचा आक्षेप.

पेन्शनच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दरमहा निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. सात-आठ वर्षांनंतर पेन्शनची रक्कम काढून घेतली तर पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले तर जुनी सेवा नव्या नोकरीतील सेवेला जोडता येते. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतःच ती यूएएन पोर्टलवर नोंदवू शकतो.

नवे काम शोधताना वय का आड येते?

पैशांचा आधार संपत येतो तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो तो नव्या कामाचा. ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना’ २०२४मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. त्यात बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. वयोमर्यादा आहे १८ ते ३५. म्हणजे पंधरा वर्षे लेथ चालवून चाळिशीत बेरोजगार झालेला कामगार या योजनेत बसत नाही. रोजगाराच्या बहुतेक सरकारी योजना पहिली नोकरी शोधणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखल्या जातात. दुसऱ्यांदा सुरुवात करणाऱ्याचा विचार त्यात अभावानेच दिसतो.

त्याच्या कामाची एक तरतूद आहे. काम करता करता शिकलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून वर्षानुवर्षे काम केले, पण आयटीआयचा कागद नाही, अशांना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण प्रमाणपत्र हाती आले तरी त्यामागे नोकरीची हमी नाही.

मग पर्याय कोणते उरतात?

पहिला पर्याय म्हणजे मजुरांचा नाका. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान ठरलेल्या चौकात उभे राहायचे, मुकादम किंवा घरमालक येईल तेव्हा रोजाची बोली करायची. कारखान्यातला कुशल कामगार इथे बहुधा बिगारी ठरतो, कारण गवंडी किंवा सुतारकाम त्याच्या हातात नसते. दहा वाजून गेले की तो दिवस गेला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना आहेत, पण नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचा मालक रोज बदलतो त्याने हा दाखला कुणाकडून आणायचा, ही नाका कामगारांची जुनी तक्रार आहे.

दुसरा पर्याय सुरक्षारक्षकाचा. गणवेश आणि महिन्याचा ठरलेला पगार मिळत असल्याने चाळिशी ओलांडलेल्यांचा ओढा इकडे असतो. अनेक ठिकाणी पाळी बारा तासांची असते. महाराष्ट्रात १९८१च्या कायद्याने सुरक्षारक्षक मंडळे स्थापन झाली आहेत. मंडळामार्फत काम मिळालेल्याला वेतन आणि निधीचे संरक्षण आहे. खासगी एजन्सीच्या रक्षकाची स्थिती एजन्सीवर अवलंबून राहते.

तिसरा पर्याय अलीकडचा, मोबाइल अ‍ॅपवरून मिळणाऱ्या डिलिव्हरीचा किंवा प्रवासी वाहतुकीचा. इथे मुलाखत नाही, वयाची फारशी अट नाही. मात्र दुचाकी, इंधन, मोबाइल आणि देखभाल यांचा खर्च कामगाराचा. दिवसाची कमाई मोजताना हा खर्च वजा केला जात नाही, म्हणून ती आकर्षक दिसते. सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही व्याख्या प्रथमच कायद्यात आणली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असे सूत्र आहे. तरीही किमान वेतन, कपातीची भरपाई किंवा ग्रॅच्युइटी यांचा हक्क त्यांना नाही. अ‍ॅपवरचे खाते बंद झाले की काम संपते.

चौथा पर्याय हातगाडी किंवा वडापावच्या टपरीचा. त्यासाठी पीएम स्वनिधी योजनेतून विनातारण कर्ज मिळते. परवाना नसेल, तर पालिकेच्या कारवाईची टांगती तलवार कायम असते. पथविक्रेता कायदा २०१४मध्ये आला असला, तरी नव्याने गाडी लावणाऱ्याला जागा मिळणे आजही कठीण आहे.

गिरणी कामगारांचा अनुभव काय सांगतो?

मुंबईने हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर एकदा पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, पण हजारो कामगार पुन्हा गिरणीत जाऊ शकले नाहीत. सप्टेंबर १९८६पासून कायमच्या बंद झालेल्या खासगी गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्राने पुनर्वसन निधी योजना आणली. त्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत होती. आजच्या ९० दिवसांच्या भत्त्याशी तुलना केली, तर ही तरतूद अधिक उदार होती. पण गिरणी ‘कायमची बंद’ असल्याचे सिद्ध होण्यावर सारे अडत असे.

१९९२मध्ये उदारीकरणाच्या झळा सोसणाऱ्या कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला गेला. त्यातील बहुतांश पैसा प्रशिक्षणाऐवजी सार्वजनिक उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. गिरणगावात अनेक घरे तरली ती घरातल्या बायकांमुळे. खानावळी चालवणाऱ्या महिलांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले होते. पुरुषाची नोकरी गेल्यावर घरातल्या स्त्रीवर कमाईचा भार येतो, हे चित्र आजही बदललेले नाही. धुणीभांडी, पोळीभाजी केंद्र, घरी बसून केलेली जोडकामे यांवर घर चालते आणि या कामाला ना पीएफ असतो ना ईएसआय.

मग बेरोजगारीच्या आकड्यांत हे का दिसत नाही?

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आणि शहरांतील दर ५.१ टक्के होता. हे आकडे कमी वाटतात, कारण मोजणीच्या व्याख्या तशा आहेत. साप्ताहिक पद्धतीत आठवड्यातील कोणत्याही दिवशी एक तास काम केले, तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. वार्षिक पद्धतीत वर्षभरात दुय्यम काम म्हणून ३० दिवस काम केले असेल, तरी पुरते. नाक्यावर आठवड्यातून दोन दिवस काम मिळालेला माजी फिटर या हिशेबात बेरोजगार नाही. त्याचे उत्पन्न निम्म्यावर आले, त्याचे कौशल्य वाया गेले, ही नोंद बेरोजगारीच्या दरात होत नाही.

सगळे एकदम थांबते तेव्हाच आकडा उसळतो. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेरोजगारी २० टक्क्यांच्या पुढे गेली होती. त्याच काळात, ८ मे २०२० रोजी, जालन्यातील कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले. काम गेल्यावर शहरात तग धरण्याची सोय नसेल, तर त्याची किंमत किती मोठी असते, हे तेव्हा देशाने पाहिले.

शहरांसाठी रोजगार हमी शक्य आहे का?

रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने दिली. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५मध्ये देशपातळीवर ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. शहरातील कामगार मात्र यातून बाहेर राहिला. केरळने अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी योजना राबवली. राजस्थानने सप्टेंबर २०२२मध्ये शहरी कुटुंबांना वर्षाला १०० दिवस काम देणारी योजना सुरू केली आणि २०२३मध्ये ती १२५ दिवसांवर नेली. ज्या राज्याने ही कल्पना जन्माला घातली, तेथील शहरांत मात्र असा कायदा नाही. खर्च कोणी करायचा आणि कुशल कामगाराला कोणते काम द्यायचे, हे यातील कळीचे मुद्दे आहेत.

काम गेल्यास पहिल्या महिन्यात काय करावे?

कोऱ्या कागदावर किंवा न वाचता राजीनाम्यावर सही करू नये आणि कपातीचे पत्र लेखी मागावे. नियुक्तीपत्र, वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र, ईएसआय क्रमांक आणि यूएएन यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. कंत्राटी कामगाराने कंत्राटदाराबरोबरच मूळ कंपनीचे नाव असलेला प्रत्येक कागद, हजेरीपट किंवा गेटपास जपावा. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बँक खाते चालू असल्याची खात्री करावी, कारण भत्ता आणि पीएफ दोन्ही त्यावरच अडतात. ३० दिवस पूर्ण होताच ईएसआयच्या भत्त्यासाठी अर्ज करावा. कपात बेकायदा वाटत असेल तर कामगार आयुक्तालयात तक्रार करता येते. नव्या संहितेनुसार वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी त्याची दखल घेऊ शकत नाही. त्यामुळे ‘मालक पुन्हा बोलावेल’ या आशेवर थांबताना ही तारीख लक्षात ठेवावी लागते. रेशनकार्ड गावचे असले तरी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे शहरातील दुकानातून धान्य घेता येते. ई-श्रम पोर्टलवरील नोंदणीही असंघटित कामात शिरताना करून ठेवणे हिताचे ठरते.